नेमोत्यांची अमेरिका

आता जे लिहितोय ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. अमेरिकेतल्या एका शहरात बसथांब्यांवर लावलेले बत्तीस नकाशे चुकले, त्याचा ठपका नेमोतो-सान यांच्यावर आला, आणि चूक त्यांची नव्हती. माझी होती. नुसती चूक असती तर एक वेळ चाललं असतं. पण नकाशे छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी ती मला कळली होती.

झालं लिहून. वाटलं होतं तेवढं कठीण नव्हतं. साडेचार वर्षं लागली, इतकंच.

योकोहामात आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली दातांचा दवाखाना. कंपनी बसचे नकाशे बनवते. आधी जपानी गावांचे बनवायची. मग कुठल्याशा प्रदर्शनात एका अमेरिकन सल्लागार कंपनीला ते आवडले, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या शहरांचे बसनकाशे योकोहामात, दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावर तयार होऊ लागले. मी पुण्याहून आलेला सॉफ्टवेअर इंजिनीअर. तिकडून येणाऱ्या आकड्यांच्या ढिगातून रेघा आणि ठिपके काढणारा प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. त्या रेघा-ठिपक्यांचा नकाशा करणं हे नेमोतो-सानांचं.

ते तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. साठाव्या वर्षी रीतसर निवृत्त होऊन, फुलांचा गुच्छ वगैरे घेऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुर्चीवर वर्षावर्षाच्या कराराने परत येऊन बसलेले. इकडे तशी पद्धत आहे. बारीक अंगकाठी, शर्टाच्या खिशात सहा रंगीत पेन्सिली आणि दोन खोडरबर. एक खोडरबर पेन्सिलीसाठी, दुसरं कशासाठी ते कधी कळलं नाही. ते कधी झिजलं नाही. अमेरिकेतल्या अकरा शहरांचे नकाशे त्यांनी केले होते आणि अमेरिका पाहिलेली नव्हती. अमेरिका सोडा, ते विमानात बसलेले नव्हते. पासपोर्टच नव्हता. पण त्या अकरांपैकी कोणत्याही शहराचा विषय काढा, "तिथली सतरा नंबर रविवारी नसते. बिचारे," असं ते अशा सुरात म्हणत, जणू समोरच्या इमारतीत आज पाणी आलं नाही.

जपानी जिभेला 'बर्वे' झेपत नाही. त्यांनी मला 'बारुबे-सान' केलं. पहिल्याच दिवशी कागद पुढे सरकवून म्हणाले, "बारुबे-सान, तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा."

मी काढला. दोन वळणं, एक पूल, एक चौक. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"तुम्ही या रस्त्याने कधी पायी गेलेला नाहीत."

खरं होतं. मी रिक्षाने जायचो, रिक्षाकाकांच्या मागे, उलटा बसून. हे त्यांना कशावरून कळलं ते विचारायचं धाडस झालं नाही. मी तसाही कमी बोलणारा. आमची जोडी त्यामुळे छान जमली: ते बोलायचे, मी 'हाय, हाय' म्हणायचो. हाय म्हणजे हो.

अमेरिकन शहरांच्या नकाशात त्यांना सगळ्यात जास्त छळायचं ते बस बदलणं. तिकडे एका बसमधून उतरून दुसरी पकडायची तर मध्ये कधी अख्खं मॉलचं पार्किंग ओलांडावं लागतं. आमच्या आकड्यांत लिहिलेलं असायचं: चालण्याचं अंतर, चार मिनिटं. नेमोतो-सानांचा त्या चार मिनिटांवर विश्वास नव्हता. एके दिवशी ते दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन ऑफिसला आले.

"बारुबे-सान, घड्याळ लावा."

आणि पिशवी छातीशी धरून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लागले. साडेतीनशे मीटर म्हणजे आमच्या कॉरिडॉरच्या नऊ फेऱ्या. मी मागून घड्याळ आणि छत्री घेऊन. छत्री का, तर तिकडे त्या महिन्यात पाऊस असतो. इमारतीचा राखणदार वर आला, कारण दवाखान्यातून तक्रार गेली होती की डोक्यावर कोणीतरी येरझाऱ्या घालतंय आणि पेशंट घाबरतायत.

"काय चाललंय?"

"बस बदलतोय," नेमोतो-सान धापा टाकत म्हणाले.

राखणदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छत्री मिटली.

सात मिनिटं लागली. त्यांनी नकाशावरच्या 'चार'चे 'सात' करायला लावले, आणि त्यासाठी तिकडच्या लोकांशी तीन आठवडे पत्रव्यवहार केला. तांदूळ पुढे वर्षभर त्यांच्या टेबलाखाली होता. कुठलंही नवीन शहर आलं की बाहेर निघायचा.

दुसरं प्रकरण रेघांच्या जाडीचं. बस दर पंधरा मिनिटांनी असेल तर जाड रेघ, तासाभराने असेल तर बारीक. तिकडून एकदा निरोप आला की सगळ्या रेघा एकसारख्या जाड करा, बारीक रेघ आमच्या नगरसेवकांना आवडत नाही. नेमोतो-सानांचा चेहरा पडला. "ज्याची बस तासाने येते त्याला जाड रेघ दाखवून उन्हात उभं करायचं? हे लोक स्वतःच्याच प्रवाशांना फसवतायत, असं सांगा त्यांना." मी इंग्रजीत सांगितलं, "नेमोतो-सानांची एक छोटीशी सूचना आहे." त्यांच्या बोलण्याचं भाषांतर करताना मी नेहमी थोडं पाणी घालायचो. रेघ बारीकच राहिली. अजूनही मला वाटतं, ती माझ्या पाण्यामुळे राहिली.

आमच्याकडे कागदावर सही नसते, शिक्का असतो. हांको म्हणतात. नकाशा तपासून झाला की तपासणाऱ्याने कोपऱ्यातल्या चौकटीत आपल्या नावाचा लाल शिक्का उमटवायचा. जपानी ऑफिसांतले जुने लोक हा शिक्का किंचित डावीकडे कलता मारतात. डावीकडे साहेबाच्या शिक्क्याची जागा असते, त्यामुळे आपला शिक्का त्याला वाकून नमस्कार केल्यासारखा दिसतो. नेमोतो-सान खांबासारखा सरळ शिक्का मारायचे. आमचे विभागप्रमुख होरी-सान यांना ते आवडत नसे. त्यांनी एकदा हसत हसत तसं सुचवलंही.

"होरी-सान," नेमोतो-सान अगदी नम्रपणे म्हणाले, "नकाशाच्या कागदावर काहीही कललेलं असलं तर लोक त्याला रस्ता समजतील."

माझ्या सासूबाईंची आणि त्यांची गाठ पडली ती नेमोतो-सानांच्याच आग्रहाने. नकाशा पुरा होत आला की त्यांना एक परीक्षक लागायचा: ते शहर न पाहिलेला, इंग्रजी जेमतेम वाचणारा, आणि भीडभाड नसलेला. ऑफिसात असा कोणी नव्हता. भीड सगळ्यांनाच होती. त्या वर्षी माझ्या बायकोची, शलाकाची, आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ओजिमाला आली होती. मी बोलता बोलता म्हणून गेलो. त्या शनिवारी सकाळी दहाला नेमोतो-सान इचिकावातल्या आपल्या घरून आमच्या दारात हजर, एका हातात नकाशाची नळी, दुसऱ्या हातात मिठाईचा डबा.

सासूबाईंनी चष्मा लावला. जेवणाच्या टेबलावर मिडवेस्टमधलं एक नदीकाठचं शहर पसरलं. त्याचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. नेमोतो-सानांनी अट सांगितली: बोट हॉस्पिटलवर ठेवायचं आणि बाजारात जायचं. मी दुभाषा.

सासूबाई निघाल्या. निळीवरून हिरवीवर गेल्या, हिरवीवरून जांभळीवर, आणि विमानतळावर पोचल्या.

"आई, बाजार मागे राहिला."

"मला ठाऊक आहे. ह्या जांभळीने मला खाली उतरूच दिलं नाही. आणि इथून पुढे हिचे असे तुकडे तुकडे का झालेत?"

"तिथून पुढे ती फक्त शाळेच्या दिवशी जाते."

"म्हणजे सुट्टीच्या दिवशी बाईमाणसाला मध्येच उतरवतात? नेमोत्यांना विचारा."

नेमोतो हे आडनाव त्यांनी गोखले-दामल्यांच्या रांगेत बसवून टाकलं होतं. एकाला नेमोते, त्यांचं ते नेमोत्यांचं. मी विचारलं. नेमोत्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"ओकाआसान बरोबर म्हणतायत," ते म्हणाले. सासूबाईंना ते सुरुवातीपासून आईच म्हणत होते. "उतरवतात."

"आणि हे एवढं पांढरं कसलं? इथे माणसं नाहीत?"

"आहेत. बस नाही."

"मग माणसं आहेत एवढं तरी दाखवा की! असं पुसून काय टाकता त्यांना?"

हे मी जरा पाणी घालून सांगितलं असतं, पण सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. जसंच्या तसं सांगितलं. नेमोतो-सान उठले, त्यांच्यापुढे वाकले, आणि बसून पांढऱ्या जागेत फिक्या राखाडी पेन्सिलीने गल्ल्या काढायला लागले. मग थालीपीठ झालं. त्यांनी चॉपस्टिकने ते उचलून उजेडात धरलं. मधलं भोक कशाला, विचारलं. तेल सोडायला, असं सांगितल्यावर त्यांनी सगळी भोकं मोजली आणि गंभीरपणे म्हणाले, "मध्यवर्ती स्थानक आहे याला."

सासूबाई साताऱ्याला परत गेल्या, पण फोनवर जावयाच्या तब्येतीआधी नेमोत्यांची चौकशी होते. "मजेत आहेत," मी सांगतो.

त्याच शहराच्या वेळी उत्तर दिशेवरून भांडण झालं. जपानमध्ये रस्त्यावर जो नकाशा लावतात तो बघणाऱ्याच्या तोंडाप्रमाणे फिरवलेला असतो. समोर जे आहे ते नकाशात वर. अमेरिकेत नकाशात वर कायम उत्तर. नेमोतो-सानांना थांब्यांवर जपानी पद्धत हवी होती. मध्यवस्तीतल्या बत्तीस थांब्यांवर मोठ्या नकाशाशेजारी एकेक चौकोन, त्यात फक्त तेवढा परिसर, बघणाऱ्याच्या तोंडासमोर वळवलेला, आणि कुठल्या बससाठी रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही दाखवलेलं. तिकडचा आमचा माणूस होता ग्लेन. धिप्पाड, दिलखुलास, सतत काहीतरी खाणारा. आमच्या सकाळी आठला व्हिडिओवर यायचा.

"आमच्याकडे उत्तरच वर असते," ग्लेन म्हणाला. "लोकांना सवय आहे."

नेमोतो-सान मला म्हणाले, "ग्लेन-सानना विचारा, आत्ता त्यांच्या खोलीत उत्तर कुठे आहे?"

ग्लेनने खिडकीकडे बोट केलं. त्याच्या शेजारच्या बाईने दाराकडे केलं. पडद्याबाहेरून तिसरा कोणीतरी ओरडला की उत्तर कॉफीच्या मशीनमागे आहे. तिकडे वादावादी सुरू झाली, कोणीतरी फोन काढून गोल गोल फिरायला लागलं. नेमोतो-सान शांतपणे कोम्बिनीतून, म्हणजे खालच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, आणलेलं डब्यातलं मक्याचं सूप पीत होते.

"ओके," ग्लेन अखेर हसत म्हणाला. "चौकोन तुमच्या पद्धतीने करा. आणि त्यांना सांग, चौकोन लागले की उद्घाटनाच्या समारंभाला त्यांनी स्वतः यायचं. तिकीट आमचं."

मी सांगितलं. नेमोतो-सानांनी सूपचा डबा टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

मग एकसष्टाव्या वर्षी त्यांनी पासपोर्ट काढला. फोटोत ते कोणीतरी पाठीत पिस्तूल धरल्यासारखे दिसत होते. सुटकेस घेतली आणि ती रिकामी असतानाच ऑफिसला आणून दाखवली. इंग्रजीचं एक वाक्य पाठ केलं: "मला माहीत नाही, पण आपण दोघं मिळून नकाशा पाहूया." हेच वाक्य का, मी विचारलं.

"मला तिथे काही बघायचं नाही, बारुबे-सान. त्या चौकोनाशेजारी दिवसभर उभं राहायचंय. कोणी येईल, बघेल, आणि कळतंय की नाही ते त्याच्या पायांवरून दिसेल. पस्तीस वर्षं नकाशे करतोय. माझा नकाशा वाचून बसमध्ये चढलेला अमेरिकन माणूस मी अजून पाहिलेला नाही."

इथवर लिहायला मजा आली. आता पुढचं.

चौकोनांसाठी थांब्याचा ठिपका रस्त्याच्या एका कडेला सरकवायचा होता. कुठल्या कडेला? बस ज्या दिशेने जाते तिच्या डाव्या. त्यासाठीची ओळ मी दहा मिनिटांत लिहिली, विचार करावा असं त्यात काही वाटलंच नाही. पुण्यात बस डाव्या बाजूने जाते, जपानमध्ये डाव्या बाजूने जाते. चाळीस वर्षांत मी दुसऱ्या कुठल्या बाजूला बसची वाटच पाहिली नव्हती. नेमोतो-सानांनीही नाही. आम्ही दोघांनी ते बत्तीस चौकोन चार-चार वेळा तपासले आणि दोघांनाही ते अगदी घरच्यासारखे वाटले. ग्लेनने रस्त्यांची नावं आणि रंग तपासले आणि झकास म्हणाला.

फाइल शुक्रवारी दुपारी बाराला तिकडच्या छापखान्यात जाणार होती. गुरुवारी चारच्या सुमाराला मी थांब्याच्या शेडचा रंग बघण्यासाठी त्या शहरातल्या एका रस्त्याचा फोटो उघडला. बस उभी होती. दार उघडं होतं. उजव्या बाजूला.

दुरुस्ती एका अक्षराची होती. पण ती केली की बत्तीसच्या बत्तीस चौकोन नव्याने तपासायचे, छपाई पुढे ढकलायची, आणि होरी-सानांच्या टेबलासमोर उभं राहून सांगायचं की अमेरिकेत गाड्या कुठल्या बाजूने चालतात याचा मला विसर पडला. त्याच महिन्यात माझा करार नव्याने व्हायचा होता. आम्हाला इथे राहून सात वर्षं झाली होती. मी मनाशी म्हटलं, घरी जाऊन विचार करू. घरी जाऊन जेवलो आणि झोपलो. विचार केलाच नाही, हे त्यातलं सगळ्यात खरं.

शुक्रवारी दहा वाजता नेमोतो-सान एक चौकोन हातात धरून कॉरिडॉरमध्ये उभे होते. अर्धं वळायचे, परत सरळ व्हायचे.

"बारुबे-सान, मला काहीतरी खटकतंय."

"काय?"

"यात उभं राहिलं की माझे पाय म्हणतात, सगळं बरोबर आहे. पण हे तर अमेरिका आहे. माझ्या पायांना तिथे इतकं बरोबर वाटायला नको." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला खटकतंय का काही?"

दोन तास हातात होते.

"दाइजोबु देस," मी म्हणालो. ठीक आहे सगळं.

"तुम्ही म्हणताय ना? मग ठीक," असं म्हणून ते टेबलाशी गेले आणि शिक्का मारला. खांबासारखा सरळ.

नकाशे लागले त्याच दिवशी ग्लेनचा मेल आला. फार सभ्य मेल होता. त्याचा मथितार्थ असा, की नकाशा सुंदर आहे, पण बत्तीस थांब्यांवर जिथे 'तुम्ही इथे आहात' लिहिलंय तिथे कोणीही नाही, सगळे समोरच्या फुटपाथवर आहेत. एक बाई बाण बघून रस्ता ओलांडून गेली, तिथून बस गेलेली बघून परत आली, आणि तिने चालकाला विचारलं की आपण इंग्लंडमध्ये राहतो का.

नेमोतो-सानांच्या प्रवासाला नऊ दिवस उरले होते.

मीटिंगला आम्ही तिघंच होतो. होरी-सानांनी एकच प्रश्न विचारला. "बाजू कोणी ठरवली?"

मी तोंड उघडलं होतं. हे शपथेवर सांगतो. उघडलेल्या तोंडातून काही बाहेर येईना.

"शिक्का माझा आहे," नेमोतो-सान म्हणाले. "अमेरिकेला कधी गेलेलो नाही. विसरलो." आणि उभे राहून वाकले. पंचेचाळीस अंशांत, नेमके. जन्मभर त्याच कोनात रेघा मारलेला माणूस. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसून राहिलो, आणि मग आपणही वाकायला हवं हे लक्षात येऊन वाकलो. मी कशासाठी वाकतोय ते होरी-सानांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, ज्येष्ठांना सोबत.

बाजू प्रोग्रॅम ठरवतो हे नेमोतो-सानांना माहीत होतं का? माहीत होतं. मला आदल्या दिवशी कळलं होतं हे माहीत होतं का? ते मला आजतागायत माहीत नाही.

चूक करणाऱ्याने समारंभाला जाणं बरं दिसत नाही, असं ठरलं. ते त्यांनी स्वतःच ठरवलं. पण नवे चौकोन जुन्यांवर चिकटवायला कोणीतरी जायला हवं होतं: इंग्रजी येणारं, प्रोग्रॅमची माहिती असलेलं. म्हणजे मी. नेमोतो-सानांनी मला आपली सुटकेस दिली. "नवीन आहे, चाकं चांगली आहेत." आत एक कागद होता, चौदा प्रश्नांचा. तिसऱ्या रस्त्यावरून नदीकडे जाताना उतार आहे की सपाट? हॉस्पिटलच्या थांब्यावर बसायला बाक आहे का? ओकाआसानच्या पांढऱ्या जागेत खरोखर कोण राहतं?

मी दोन दिवसांत बत्तीस चौकोन चिकटवले. उतार आहे. बाक नाही. पांढऱ्या जागेत लाकडी घरं आहेत आणि फुटपाथ नाहीत. एक म्हातारा गवत कापत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलच्या थांब्यावर चौकोनाचे कोपरे दाबत होतो. साठीची एक बाई आली, हातात सामानाची पिशवी. मी बाजूला झालो. तिने बोट ठेवलं, थोडं चालवलं, मान वर करून समोर पाहिलं, परत खाली पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अखेर मी उभी आहे तसा उभा असलेला नकाशा." आणि मग माझ्या हातातला रबरी रोलर बघून म्हणाली, "तुम्ही केलात? थँक यू. माझं इथे दरवेळी चुकायचं."

मी म्हणालो, "यू आर वेलकम."

ती रस्ता ओलांडून बरोबर थांब्यावर गेली. बस आली, दार उजवीकडे उघडलं, ती चढली.

परत आल्यावर नेमोतो-सानांना चौदा उत्तरं दिली. त्यांनी ती प्रत्येक प्रश्नासमोर लिहून घेतली. बाक नाही हे ऐकून त्यांना वाईट वाटलं. मग पेन्सिल खिशात ठेवून विचारलं, "आणि कोणी काही म्हणालं? चौकोनाबद्दल?"

ती बाई माझ्या जिभेवर होती. पण तिचं सांगायचं तर तिने आभार कोणाचे मानले तेही सांगावं लागलं असतं, आणि मग ते मी का घेतले तेही.

"नाही," मी म्हणालो. "कोणी काही म्हणालं नाही."

"छान!" त्यांचा चेहरा खरोखर खुलला. "काही विचारावं लागलं नाही. म्हणजे कळला."

त्या मार्चमध्ये त्यांचा पुढच्या वर्षाचा करार झाला नाही. माझा झाला, तीन वर्षांचा. त्यांच्या निरोपाला परत फुलांचा गुच्छ होता. ते म्हणाले, या वेळी उद्या येणार नाही, तेव्हा नीट टाळ्या वाजवा. सगळे हसले. तांदूळ त्यांनी राखणदाराला दिला.

मागच्या महिन्यात इचिकावाला एका मित्राकडे गेलो होतो. परतताना माझी बस रेल्वे स्टेशनच्या आधीच्या थांब्यावर थांबली. बाहेर नेमोतो-सान उभे होते. केस पूर्ण पांढरे, पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली. वेळापत्रकाच्या काचेवर धूळ बसली होती, ती ते रुमालाने पुसत होते. एक आजी शेजारी वाट बघत उभ्या होत्या, पुसून कधी होतंय आणि आपल्याला कधी वाचता येतंय याची. ते त्या बसने येणार नव्हते, फक्त काच पुसत होते. दार उघडं होतं. मी दारापासून दोन पावलांवर. त्यांनी मान वर केली, बसच्या खिडक्यांकडे बघायला लागले, आणि मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. त्या बुटांना नाड्या नाहीत.

दार बंद झालं. बस निघाली.

तर नेमोतो-सान, मी तुमचं दोन गोष्टींचं देणं लागतो. एक, ती चूक माझी होती आणि मला ती गुरुवारी चार वाजता कळली होती, हे तुमच्या तोंडावर सांगणं. दुसरं, हॉस्पिटलच्या थांब्यावरच्या त्या बाईचे आभार. ते तुमचे होते, मी घेतले, आणि अजून माझ्याकडेच आहेत.